पाण्यावरचं माणूस मोजत नाहीत

बार्बा आर्गिरिसविषयी सांगायचं तर आधी आमच्या बेटाची एक खोड सांगितली पाहिजे. आम्ही पाण्यावरचं माणूस मोजत नाही. होडी निघताना धक्क्यावर कुणी विचारलं, "किती जण आहात रे?" तर उत्तर ठरलेलं, "पुरे आहोत." कप्तान खलाशांना एकेकाच्या नावाने हाक मारून घेतो, पण आकडा तोंडातून काढत नाही. बायका शिदोरीचे पाव भाजतात तेसुद्धा टोपली भरेपर्यंत. पाय जमिनीला लागले की मग मोजा काय मोजायचं ते. आपल्याकडे किती आहेत ते समुद्राला कळू द्यायचं नाही, एवढंच. मी बारा वर्षं हँबुर्गला म्हाताऱ्यांच्या एका शुश्रूषागृहात काम केलं, रोज सकाळ-संध्याकाळ डोकी मोजून सही केली, आणि तरी बेटाच्या फेरीबोटीत पाय ठेवला की माझी जीभ आपोआप जागेवर बसते. हसू नका. तुमच्याकडेही असं काहीतरी असेलच.

बार्बा म्हणजे काका. साठी उलटलेला प्रत्येक पुरुष आमच्याकडे बार्बाच. आर्गिरिस माझा सख्खा कुणी नव्हे, पण माझ्या वडिलांच्या होडीवर तो वीस वर्षं होता आणि मी त्याच्या मांडीवर वाढले, त्यामुळे त्याला मी अरे-तुरेच करते. आता त्याचं वय चौऱ्याहत्तर. अंगाने काटकुळा, गुडघे गेलेले, पण नजर अशी की सामुद्रधुनीच्या पलीकडच्या किनाऱ्यावर कुणी चादर वाळत घातली तर तिचा रंग सांगेल. तरुणपणी त्याचं कामच ते होतं. बेटाच्या टोकाच्या कड्यावर उभं राहून पाण्यातला बांगड्यांचा थवा हेरायचा आणि खालच्या जाळेवाल्यांना टोपी हलवून वाट दाखवायची. पुढे मासे कमी झाले. मग पलीकडून दुसरंच काही यायला लागलं, रबरी होड्या, माणसांनी काठोकाठ भरलेल्या. तटरक्षकांनी बार्बाला एक दुर्बीण आणि एक वॉकीटॉकी दिला आणि कागदावर त्याला 'निरीक्षक' करून टाकलं. कड्यावर संत फानूरिओसचं छोटं पांढरं चर्च आहे. हरवलेलं दाखवणारा संत तो. घरात काही हरवलं की बायका त्याच्या नावाने तेलाचा केक भाजून वर नेतात आणि त्यातला अर्धाअधिक बार्बाच्या पोटात जातो. त्या चर्चच्या पडवीत त्याची खुर्ची.

तिथून तो होडी दिसली की खबर द्यायचा, पण आपल्या पद्धतीने. सात-आठ माणसं असली तर म्हणायचा, "एक टेबल आहे." पंचवीस-तीस असली तर "बाप्तिस्मा आहे." पन्नाशीच्या पुढे गेलं की "लग्न." बंदरातल्या चौकीवर व्लासिस नावाचा आमचाच पोरगा असतो, चाळिशीचा, ढेरी सुटलेला, मनाने चांगला आणि कामाला आळशी. त्याला हे सगळं बरोबर कळायचं. एकदाच, तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, बार्बा म्हणाला, "मयत आहे." व्लासिसने दोनदा विचारलं की मयत म्हणजे किती. बार्बाने वॉकीटॉकी बंद केला होता.

त्याचा हा हट्ट सगळ्या बेटाच्या हट्टापेक्षा जास्त का, ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याच्यासमोर कुणी बोलत नाही. तो एकोणीस वर्षांचा असताना राजधानीहून जहाजांची पाहणी करायला एक साहेब आला. धक्क्यावरून एक होडी निघत होती, तिच्यावर बार्बाचा थोरला भाऊ मान्थोस. साहेब विचारतोय किती माणसं, आणि सगळे सांगताहेत, पुरे आहेत. साहेब चिडला. तेव्हा आपली नजर किती तेज आहे ते दाखवायला हा पठ्ठ्या पुढे झाला आणि मोठ्याने म्हणाला, "अकरा." आईने सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. चार दिवसांनी होडी परत आली तेव्हा तिच्यावर दहा होते. आईने त्याला एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त पुढे बावीस वर्षं, मरेपर्यंत, तिने त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या बाईचा वेडेपणा. मीही म्हणते. पण त्या वेडेपणाने एका माणसाचं आयुष्य कसं चिणून टाकलं ते मी रोज बघत आलेय, त्यामुळे माझं म्हणणं मी माझ्यापाशी ठेवते.

मग आली सामायिक. तिचं खरं नाव पाच शब्दांचं आहे. कितीतरी देशांनी मिळून सीमा राखायला काढलेली संस्था. आमच्या लोकांनी बांधावरच्या विहिरीला म्हणावं तसं तिला सामायिक म्हणायला सुरुवात केली. सगळ्यांची, म्हणजे बिघडली तर कुणाचीच नाही. करड्या रंगाची मोठी बोट आली, तिच्यावर दर दोन महिन्यांनी वेगळ्या देशाचे लोक. आमच्या होडीवाल्यांना ताकीद मिळाली की कारवाई चालू असताना जवळ फिरकायचं नाही. दोघे गेले, त्यांच्यावर खटले झाले. त्यानंतर कुणी गेलं नाही.

बोटीबरोबर एक तक्ताही आला. त्यात दोन रकाने होते, 'दिसलेले' आणि 'उतरवलेले'. 'दिसलेले' मध्ये बार्बाने सांगितलेला आकडा टाकायचा. आता बाप्तिस्मा हा काही आकडा नव्हे. व्लासिसने चार दिवस डोकं खाजवलं आणि सोपा मार्ग काढला. माणसं किनाऱ्यावर आली की तो ती मोजायचा आणि तोच आकडा दोन्हीकडे लिहून मोकळा व्हायचा. बेटाच्या रीतीला धरूनच होतं ते, पाय जमिनीला लागल्यावर मोजणं. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही.

या वर्षी मार्चमध्ये मोजणीवाले आले. तिघे होते, त्यातल्या मुख्य मारेइकाबाई. उंच, पंचेचाळिशीच्या, नाकावर घसरणारा चष्मा, रोज दुपारी माझ्या कॉफीच्या दुकानात मसुराचं सूप खायच्या आणि वाटी स्वतः आत आणून ठेवायच्या. मला जर्मन आणि इंग्रजी येतं म्हणून दहा दिवसांसाठी दुभाषी मीच. त्यांनी काम समजावून सांगितलं. सामायिकच्या या बोटींमुळे लोकांचं नक्की किती भलं होतं, ते आकड्यात मांडायचं. किती जीव वाचले, किती मिनिटांत मदत पोचली, बेटावरच्या माणसांना किती सुरक्षित वाटतं. आतापर्यंत नुसते फेऱ्यांचे तास मोजायचे, ते त्यांना पटत नव्हतं. "तास मोजून काय कळतं?" त्या म्हणाल्या. "माणसं मोजायला हवीत." मला त्या बाई आवडल्या. आजही मी त्यांना दोष देत नाही.

घरोघर हिंडलो. तुम्हाला किती सुरक्षित वाटतं, एक ते दहा सांगा. म्हातारी एवान्थिया म्हणाली, "उत्तरेचा वारा असला तर नऊ. जावई घरात असला तर दोन." मारेइकाबाईंनी साडेपाच लिहिले. एका जाळेवाल्याने विचारलं, "यांची बोट जाते तेव्हा लाटेने माझी जाळी फाटतात, ते भलं धरायचं की वाईट?" दुसरा म्हणाला, "आधी तुमचं भलं करून घ्या, मग आमचं मोजा." मी जमेल तसं मऊ करून सांगितलं. दुभाष्याचं काम धुण्याचं असतं, पिळून वाळत घालायचं.

सातव्या दिवशी व्लासिसचे तक्ते निघाले. तीन वर्षांचे. जेवढे दिसले तेवढे उतरवले, प्रत्येक ओळीत. शंभरात शंभर. मारेइकाबाई संध्याकाळी दुकानात आल्या त्या आनंदाने लाल होऊन. इतर ठिकाणी कुठे नव्वद, कुठे एक्क्याऐंशी. असं दुसरं ठिकाण नाही, म्हणाल्या. आमचे महापौर लगेच फलक लावायच्या गोष्टी बोलू लागले. मग बाईंनी पुढचं सांगितलं. इतकं चांगलं चाललंय तर मे महिन्यापासून बोट अर्धा आठवडा दुसऱ्या बेटाकडे द्यावी, तिथे गरज जास्त आहे, असं अहवालात येईल.

बार्बा कोपऱ्यात बसला होता. त्याने मला खुणेने बोलावलं. "शंभर म्हणजे काय, पोरी?"

"म्हणजे तुला जेवढे दिसले तेवढे सगळे किनाऱ्याला आले."

त्याने कप बशीत ठेवला. कॉफी अर्धी तशीच. टोपी घातली, दारापर्यंत गेला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तसं नाहीये ते."

पंचावन्न वर्षं आकडा तोंडात न घेतलेला माणूस हा, त्याला कसं ठाऊक तसं नाहीये ते? मारेइकाबाईंनी विचारलं, काय म्हणाले? व्लासिस समोर बसला होता, त्याला दोन मुली, आणि त्याने नजर खाली घातली होती. मी म्हणाले, "आभार मानताहेत." माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट भाषांतर ते.

दोन दिवसांनी, दहापैकी नवव्या दिवशी, पहाटेपासून धुकं होतं. वारा पडलेला, पाणी तेलासारखं. असलं पाणी आम्हाला आवडत नाही. सहा वाजून वीस मिनिटांनी बार्बाचा आवाज आला, "बाप्तिस्मा आहे. खडकांच्या बाजूला वाहतोय." मारेइकाबाई घड्याळ आणि वही घेऊन आधीच धक्क्यावर, मदत किती मिनिटांत पोचते ते मोजायला. मी त्यांच्याबरोबर. करडी बोट सुटली. धुक्यात काही दिसत नव्हतं, नुसती इंजिनं ऐकू येत होती, मग ओरडणं. होडी खडकाला लागून उलटली होती.

सव्वासातपर्यंत बोटीने एकोणीस जणांना आणलं. सात जण स्वतःच बाजूच्या वाळूवर लागले होते. व्लासिसने मोजलं आणि वॉकीटॉकीवर कळवलं, सव्वीस. सवयीने दोन्ही रकान्यांत सव्वीस लिहिले. सात वीस.

त्यांच्यात एक बाई होती, पंचविशीची, अंगावर चांदीसारखा कागद गुंडाळलेला. ती तो फेकून पाण्याकडे धावत होती आणि दोन बायका तिला धरत होत्या. हाताचं एक बोट वर करायची, पाण्याकडे दाखवायची, परत ते एक बोट. तिची भाषा कुणाला येत नव्हती. फोनवरचा दुभाषी दुसऱ्या बंदराच्या कामात अडकलेला. जे कुणी मोडकंतोडकं इंग्रजी बोलत होते त्यांना विचारलं, तर एक म्हणाला आम्ही पंचवीस होतो, दुसरा म्हणाला तीस. अंधारात चढलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसं ती, त्यांना काय ठाऊक?

तेवढ्यात बार्बा परत बोलला. "आणखी बघा."

बोटीचा कप्तान इंग्रजीत विचारू लागला, का? किती जण दिसले होते? मी वॉकीटॉकी घेतला. "बार्बा, किती होते?"

"बाप्तिस्मा."

"बाप्तिस्मा म्हणजे किती? नीट सांग."

खरखर आली. मग, "बघा म्हणतोय ना मी. बघा."

कप्तान वाईट माणूस नव्हता. त्याने पंधरा मिनिटं खडकांभोवती चकरा मारल्या. पण उत्तरेच्या टोकाकडून दुसरी खबर आली होती, तिथे पाण्यात काही तरंगतंय म्हणून, आणि इथे दिसलेले सव्वीस, उतरवलेले सव्वीस. आकडे जुळले की शोध संपला, असा नियम. सात पस्तीसला बोट उत्तरेला वळली.

मी व्लासिसला बाजूला ओढलं. "तूच लिही ना सत्तावीस! तीन वर्षं मनाने लिहितोस, आज एक जास्त लिही."

त्याला घाम फुटला होता. "झाम्बेता, अगं लिहून झालंय, बाईंनी फोटो काढलाय तक्त्याचा. आता खोडून काय सांगू, कुठून आला हा आकडा? तीन वर्षांचं सगळं बाहेर येईल. बार्बाने सांगितलं तर लगेच लिहितो. त्याला बोलायला लाव."

मारेइकाबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं? मी त्यांना दुभाष्याला परत फोन लावायला सांगितलं आणि गाडी काढली. कड्यापर्यंत बारा मिनिटं लागतात. मी नऊ मिनिटांत गेले.

बार्बा उभा होता, खुर्ची लाथाडलेली, दुर्बीण डोळ्यांना. खाली पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं.

"बार्बा, एक राहिलंय का?"

त्याने दुर्बीण खाली घेतली नाही.

"सव्वीस आलेत किनाऱ्यावर. मी मोजलेत, पाय जमिनीवर आहेत त्यांचे. तू किती पाहिलेस?"

"धुकं एकदा फाटलं होतं," तो म्हणाला. "सगळी होडी दिसली. प्रत्येक तोंड दिसलं."

"मग सांग."

"ती अजून पाण्यात आहे, पोरी. एक मुलगी. पुढच्या टोकाला बसली होती, डोक्यावर पिवळं काहीतरी. नंतर धुक्यातून ते पिवळंच वाहत जाताना दिसलं. मी तोंडातून काढलं की गेली ती."

"न काढलंस तर बोट येत नाही! गेली बोट उत्तरेला, ऐकलंस ना?"

"मान्थोस गेला."

"मान्थोस वादळाने गेला! तुझ्या अकराने नाही, वादळाने!" पंचावन्न वर्षांत हे त्याला कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. मी ओरडत होते आणि मला रडू येत होतं. "मेलास तरी चालेल, पण बोल!"

मग त्याला काहीतरी सुचलं आणि चेहरा जरा उजळला. "नाव आण. नाव काय तिचं? नावाने सांगू. नाव घ्यायला बंदी नाही."

आमची रीतच ती. नाव घ्यायचं, आकडा नाही. मला वाटलं, होईल, याने होईल. मी फोन करून खाली मारेइकाबाईंना विचारलं. दुभाषी तेवढ्यात मिळाला होता. बाईचं नाव रैहाना, आणि राहिली ती तिची धाकटी बहीण, माहगुल. आठ वाजायला पाच मिनिटं होती.

बार्बाने वॉकीटॉकी दोन्ही हातांत धरला, चर्चमध्ये मेणबत्ती धरतात तसा. "माहगुल राहिलीय," तो म्हणाला. "माहगुल. पिवळा रुमाल. खडकांच्या दक्षिणेला प्रवाह असतो, तिकडे बघा. माहगुल."

मी इंग्रजीत सगळं सांगितलं. कप्तान म्हणाला, ऐकलं, पण किनाऱ्यावरचे लोक वेगवेगळं सांगताहेत आणि मी इथे एका तरंगणाऱ्या वस्तूकडे चाललोय. दिसलेल्यांचा आकडा बदलतोय का? बदलत असेल तर बंद झालेला शोध मी पुन्हा उघडू शकतो. आकडा सांगा.

"काय म्हणतो?" बार्बाने विचारलं.

"नाव चालत नाही, बार्बा."

तो किती वेळ नुसता धुक्याकडे बघत राहिला ते मला सांगता येणार नाही. नंतर नोंद पाहिली तेव्हा कळलं की सात मिनिटं. त्या सात मिनिटांत मी त्याचे पाय धरले, त्याला शिव्या दिल्या, माझ्या मेलेल्या बापाची आण घातली. शेवटी त्याने टोपी काढली, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

"सत्तावीस," तो म्हणाला. आवाज एकोणीस वर्षांच्या पोराचा होता.

उत्तरेला तरंगत होता तो जाळ्याचा तुटलेला बोया. बोट आधीच परत फिरण्याच्या बेतात होती. आठ दोनला आकडा बदलला, आठ सोळाला त्यांना पिवळा रुमाल दिसला, बार्बाने सांगितल्या जागेपासून दोनशे हात दक्षिणेला. चौदा मिनिटं. मारेइकाबाईंच्या वहीत तो वेळ तसाच गेला, कारण नियमाप्रमाणे वेळ शोध उघडल्यापासून मोजतात. आमच्या बंदराचा वर्षातला सगळ्यात चांगला वेळ होता तो.

मुलगी सोळा-सतरा वर्षांची असेल. धक्क्यावर डॉक्टरांनी पाऊण तास खटपट केली आणि मग उठून उभे राहिले. रैहाना ओरडली नाही. ती बहिणीचा ओला रुमाल पिळत बसली, पिळून झाला तरी पिळत राहिली.

मारेइकाबाई चौकीत गेल्या. तक्त्यांचा गठ्ठा त्यांच्यासमोर होता. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं, चष्मा काढला. मला म्हणाल्या, "आज जर सव्वीस आणि सव्वीस होतं, तर बाकीच्या दिवशी काय होतं?" या वेळी मी शब्दाला शब्द सांगितला. व्लासिस भिंतीला टेकून खाली बसला. तीन वर्षं, एकशे बारा ओळी. त्यातल्या कुठल्या खऱ्या, हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो कड्यावर होता.

"त्यांना विचाराल?" बाई म्हणाल्या.

मी जाताना डॉक्टरांना गाठलं. मला एकच गोष्ट हवी होती. मुलगी केव्हा गेली? ते थकलेले होते, म्हणाले, मिनिटं सांगता येत नाहीत, पण पाण्यात बराच वेळ टिकली पोरगी, अंगाला ताकद होती. गेली ती पावणेआठच्या सुमाराला, आठच्या आधी नक्की. मी त्यांचा हात दाबला. त्यांना वाटलं असेल, ही बाई वेडी झाली, हसतेय. मी हसतच होते. आठच्या आधी! म्हणजे त्याच्या सत्तावीसने ती गेली नव्हती. तो बोलला तेव्हा ती आधीच गेलेली होती. हे घेऊन मी वर धावले. बाईंचा प्रश्न विसरलेच. पंचावन्न वर्षं छातीवर धोंडा घेऊन जगलेल्या माणसाला सांगायला माझ्याकडे काहीतरी होतं.

धुकं उठलं होतं. तो पडवीच्या पायरीवर बसला होता. वॉकीटॉकीवरचं व्लासिसचं बोलणं त्याने ऐकलं होतं, मुलीचं त्याला ठाऊक होतं.

"बघितलंस," तो म्हणाला. "बोललो आणि गेली."

"नाही, बार्बा. ऐक माझं." मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "डॉक्टरांनी सांगितलं. तू बोलायच्या आधीच गेली होती ती. तुझ्या आकड्याने काही झालं नाही. तेव्हाही झालं नव्हतं, आजही नाही. आकड्याने कुणी मरत नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, क्षणभर त्याचा चेहरा सैल झाला. ओठ हलले, मला वाटलं, भावाचं नाव घेतो की काय. मग ते थांबलं. त्याची नजर माझ्या तोंडावरून हलेना.

"किती आधी?"

हँबुर्गला बारा वर्षं मी मरणाऱ्या माणसांशी खोटं बोलले आहे, सफाईने, हातात हात घेऊन. त्या वेळी एक शब्द सुचला नाही.

"किती आधी, पोरी?"

"पाव तास. थोडं जास्त."

तो हिशेब करत होता. मला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा उघड उघड, बोटांवर.

"म्हणजे धक्क्यावरून तू पहिल्यांदा विचारलंस," तो म्हणाला, "तेव्हा ती जिवंत होती."

"होती," मी म्हणाले.